क्रूझच्या पूलमध्ये डायपरवालं बाळ: नियम कशासाठी, आणि बोलायचं कोणाशी?

पत्र:

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऑगस्टमध्ये नाशिकहून सासू-सासरे येतायत, त्यांना घेऊन बेयॉनहून बर्म्युडाची क्रूझ ठरवली आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. तो दिवसा बहुतेक वेळा सांगतो, पण भरवसा नाही. गेल्या वर्षी फ्लोरिडाहून एका क्रूझला गेलो होतो, तेव्हा पूलमध्ये कुणाच्या तरी बाळाची शी तरंगताना दिसली. सगळ्यांना बाहेर काढलं, जाळीनं ती उचलली, काहीतरी पाण्यात ओतलं आणि अर्ध्या तासात पूल परत उघडला. शेजारचा हॉट टब मात्र चालूच होता, आणि त्यात एक बाई स्विम डायपरमधलं बाळ घेऊन बसली होती. मी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं, तर ‘येस मॅम’ म्हणून तो टॉवेलांच्या घड्या करायला गेला. आम्ही त्या दिवसापासून पाण्यात उतरलोच नाही. त्यानंतर तिसऱ्या दिवशी घरी पोचलो आणि दुसऱ्याच दिवशी मुलीला उलट्या-जुलाब सुरू झाले. पूलमुळेच का? आणि या वेळी मुलाला पाण्यात सोडायचं की नाही? सासूबाई म्हणतात, ‘स्विम डायपर त्यासाठीच तर मिळतात, घाल आणि सोड त्याला.’ मला भांडण नको आहे, पण मुलं आजारी पडायलाही नकोत.
– एक आई, एडिसन

ताई,

घरातला वाद स्विम डायपरवर अडलाय, म्हणून आधी तेच. मुख्य पूल, हॉट टब आणि घसरगुंडीचं पाणी, या तिन्हींत मुलाला या खेपेला उतरवू नका. स्विम डायपर घालूनही नको.

साधा डायपर पाण्यात गेला की फुगतो, लोंबतो आणि आतली जेल बाहेर येते. स्विम डायपरमध्ये ती जेल नसते, म्हणून तो फुगत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की घट्ट शी झाली तर ती लगेच पाण्यात सुटत नाही. शू त्यातून सरळ पाण्यात जाते. शी पातळ असेल तर मांडीच्या इलॅस्टिकमधून जंतू काही मिनिटांत बाहेर पडतात. सासूबाईंचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पाकिटावरचं चित्र पाहून कुणाचाही तसाच समज होईल. पण ‘स्विम’ हा शब्द पाकिटावर आहे म्हणून आतलं आत राहतं, असं मात्र नाही.

तुमचं जहाज अमेरिकन बंदरातून निघून परदेशी बंदराला जाणार, म्हणजे त्याला सीडीसी या अमेरिकन आरोग्यसंस्थेचा ‘व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम’ लागू होतो. हा कार्यक्रम १९७० च्या दशकात सुरू झाला. १३ किंवा अधिक प्रवासी नेणारी, अशा परदेशी फेऱ्या करणारी जहाजं त्याच्या कक्षेत येतात आणि त्यांची न सांगता तपासणी होते. त्यातला नियम स्पष्ट आहे: डायपरमधली किंवा शी-शूची सवय पूर्ण न लागलेली मुलं, खास त्यांच्यासाठी बांधलेल्या जागेखेरीज कुठल्याही पूलमध्ये उतरता कामा नयेत, आणि तशी पाटी पूलपाशी हवी. जुलाब, उलटी किंवा ताप असलेल्यांनी पाण्यात उतरू नये, हेही त्याच पाटीवर असतं. तेव्हा हा त्या त्या कंपनीचा लहरी नियम नव्हे. ‘बहुतेक वेळा सांगतो’ हे या नियमाच्या हिशोबात ‘सवय लागली’मध्ये बसत नाही. पाण्यात खेळताना, थंडी वाजल्यावर, उत्साहाच्या भरात सांगायचं राहतंच, आणि त्यात मुलाची काही चूक नसते.

आता हा नियम इतका कडक का, ते आकड्यांत बघू. पूलमध्ये क्लोरीन असतं, मग काय बिघडतं, हा प्रश्न नेहमी येतो. बरेचसे जंतू क्लोरीन लवकर मारतंही. लिटरमागे १ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन असेल (यालाच १ पीपीएम म्हणतात) आणि पीएच (पाणी किती आम्ल, ते सांगणारा आकडा) ७.५ असेल, तर ई. कोलाय हा जीवाणू एका मिनिटाच्या आत मरतो. हिपॅटायटिस ए च्या विषाणूला साधारण १६ मिनिटं लागतात, जिआर्डिया या परजीवीला ४५. आणि क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) नावाच्या परजीवीला? १५,३०० मिनिटं, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त. त्याच्याभोवती एक चिवट कवच असतं, क्लोरीन आत सहजासहजी शिरत नाही. जुलाब झालेलं मूल एका वेळच्या शीतून असे १० कोटीपर्यंत कण सोडू शकतं, आणि आजारी पडायला दहाएक कण पोटात गेले तरी पुरतात.

समजा पूलमध्ये १०० घनमीटर पाणी आहे. जहाजावरचे पूल दिसतात त्यापेक्षा लहानच असतात. १०० घनमीटर म्हणजे १ लाख लिटर, म्हणजे १० कोटी मिलिलिटर. एका मुलाची एक पातळ शी त्यात मिसळली तर मिलिलिटरमागे एक कण. एका अभ्यासात पाऊण तास पोहणाऱ्या मुलांच्या पोटात सरासरी ३७ मिलिलिटर पाणी गेलं होतं, मोठ्यांच्या पोटात १६. अडीच टेबलस्पून पाणी म्हणजे तुमच्या लेकीच्या पोटात ३७ कण. क्लोरीन व्यवस्थित आहे, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, कर्मचाऱ्यानं सकाळी नोंदही केली आहे, आणि तरी हे घडतं.

‘गाळणी असतेच की’ असंही कुणी म्हणेल. पण हा कण ४ ते ६ मायक्रॉनचा, वाळूच्या फिल्टरमधून सहज निसटतो. नव्या जहाजांवर यूव्ही (अतिनील किरणांचे) दिवे असतात आणि ते क्रिप्टोला खरोखर निकामी करतात. अडचण अशी, की दिव्यापुढून जे पाणी जातं तेवढंच शुद्ध होतं. पंपानं पूलच्या आकारमानाइतकं पाणी एकदा फिरवलं तरी सगळं पाणी त्यातून गेलेलं नसतं. शुद्ध झालेलं पाणी परत घाण पाण्यातच मिसळतं. एका फेऱ्यानंतर मूळ घाणीचा ३७ टक्के भाग शिल्लक राहतो. चार फेरे झाले की २ टक्क्यांच्या आसपास येतो. तेवढ्या वेळात पाण्यात असलेली मुलं ते पाणी पीत असतात.

म्हणून जिथे डायपरमधल्या बाळांना परवानगी असते, ती जागा मुळातच वेगळी बांधलेली असते. पाणी घोट्याएवढं किंवा नुसते फवारे, पाणी कमी म्हणून फेरे झटपट, गाळण, क्लोरीन आणि यूव्ही स्वतंत्र. डिस्नीच्या ‘ड्रीम’ आणि ‘फँटसी’ जहाजांवर ‘निमोज रीफ’ ही अशी जागा आहे. इतर कंपन्यांच्याही काही जहाजांवर बाळांसाठी स्प्लॅश झोन असतात, पण एकाच कंपनीच्या सगळ्या जहाजांवर असतीलच असं नाही. तुमच्या जहाजाचं नाव घेऊन कंपनीला विचारा: ‘स्विम डायपरमधल्या मुलासाठी पाण्याची जागा आहे का, कुठल्या डेकवर, आणि ती चालू आहे का?’ तिसरा प्रश्न विसरू नका. दुरुस्तीसाठी बंद असलेली जागा नकाशावर मात्र दिसते. पूर्ण पैसे भरायच्या तारखेआधी हे विचारलंत तर जहाज बदलायची मुभा हातात राहते. रंगीत कारंजी आणि बादल्या ओतणारा मोठा ‘वॉटर पार्क’ पाहून ती बाळांची जागा समजू नका. त्यातली बहुतेक जागा सवय लागलेल्या मुलांसाठीच असते. डायपरवाल्यांचा कोपरा वेगळा आखलेला असतो, त्याची पाटी वाचा.

जागाच नसेल तर? बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये टबात, भांड्यात पाणी घेऊन खेळवा. बऱ्याच केबिनमध्ये टब नसतो, म्हणून हवा भरायचा छोटा टब नेण्याचं मनात येईल. नेण्याआधी कंपनीची परवानगी आहे का ते पाहा. आणि बर्म्युडाला किनारा आहेच. उथळ, निवांत पाण्यात अडीच वर्षांच्या मुलाला पूलहून जास्त मजा येते.

आता गेल्या वर्षीच्या त्या अर्ध्या तासाबद्दल. तुम्हाला तो निष्काळजीपणा वाटला. तुमच्या वर्णनावरून निम्मं काम बरोबर झालेलं दिसतं, निम्म्याबद्दल शंका आहे.

शी घट्ट होती का पातळ, यावर पुढचं सगळं ठरतं. घट्ट शीमध्ये क्रिप्टो असण्याची शक्यता कमी, म्हणून तिथे जिआर्डिया मारण्याचा हिशोब धरतात: सगळ्यांना बाहेर काढायचं, जाळीनं किंवा बादलीनं उचलायचं, मोकळं क्लोरीन २ पीपीएमवर आणायचं, पीएच ७.५ किंवा त्याखाली, पाणी किमान २५ अंश सेल्सिअस, आणि २५ ते ३० मिनिटं थांबायचं. उलटीसाठीही हेच. शी उचलायला व्हॅक्यूम वापरायचा नाही, नाहीतर पाइप आणि यंत्र दोन्ही दूषित होतात. वापरलेली जाळी त्याच पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे तीही निर्जंतुक होते. तेव्हा घट्ट शी आणि अर्धा तास, हे गणित जुळतं. जे ओतलं ते बहुधा क्लोरीनची पावडर किंवा द्रावण. १०० घनमीटर पाण्यात क्लोरीन १ पीपीएमनं वाढवायला ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट साधारण दीडशे ग्रॅम लागतं. डबाभर पावडर दिसली नाही म्हणजे काही केलंच नाही, असं समजू नका.

पातळ शी असेल तर गोष्टच वेगळी. क्रिप्टोचा हिशोब धरून क्लोरीन २० पीपीएमवर न्यायचं आणि पावणेतेरा तास तसंच ठेवायचं: २० गुणिले ७६५ मिनिटं, बरोबर १५,३००. १०० घनमीटरला सुमारे तीन किलो पावडर. उन्हापासून क्लोरीन टिकवायला पाण्यात सायन्युरिक आम्ल घातलेलं असेल तर ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि वेळ आणखी वाढतो. मग क्लोरीन खाली आणून, मोजून, पूल उघडायचा. जहाजावर बऱ्याचदा सरळ पाणी सोडून देऊन पूल घासून परत भरतात. कसंही करा, जुलाबानंतर अर्ध्या तासात उघडलेल्या पूलमध्ये त्या दिवशी मुलांना उतरवू नये.

शंकेची जागा आहे ती हॉट टबची. पूल आणि हॉट टब एकाच गाळणीवर, एकाच पंपावर असतील तर दोन्ही बंद व्हायला हवेत, कारण पाणी तेच. वेगळ्या यंत्रणेवर असतील तर हॉट टब चालू ठेवणं चूक नाही. हे बाहेरून दिसत नाही; विचारावं लागतं. प्रत्येक जहाजाकडे अशा घटनेसाठी लेखी पद्धत असते आणि घटनेची नोंद होते: कुठला पूल, किती वाजता, घट्ट की पातळ, क्लोरीन किती, पीएच किती, किती वेळ. म्हणून पुन्हा असं दिसलं तर ‘स्वच्छ केलं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं. ‘घट्ट होती का पातळ? क्लोरीन कितीवर नेलं? किती वेळ? हॉट टबची गाळणी वेगळी आहे का?’ असं विचारा. ज्यानं काम नीट केलंय त्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात.

त्या हॉट टबमधल्या बाळाचं मात्र खरंच वाईट वाटलं. डायपर हे एक कारण झालं. पण पाच वर्षांखालच्या मुलांनी हॉट टबमध्ये मुळात बसूच नये. ते पाणी ४० अंशांपर्यंत असतं. बाळाचं अंग लहान, घाम येऊन गार होण्याची ताकद कमी, काही मिनिटांत ते तापतं, आणि रडण्याऐवजी कधीकधी मलूल होतं, म्हणून आईला कळतही नाही. शिवाय ऊन पाण्यात, बुडबुड्यांच्या माऱ्यात क्लोरीन झपाट्यानं उडतं. म्हणून मोठ्या पूलमध्ये १ ते ५ पीपीएम चालतं, हॉट टबला ३ ते १० लागतं. ते घसरलं की अंगावर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास आणि तुषारांतून फुप्फुसात जाणारा लिजिओनेला, दोघांनाही तिथे आयतं घर मिळतं. तुमच्या सात वर्षांच्या लेकीलाही तिथे नेण्याची घाई नको. बऱ्याच जहाजांवर वयाची अट असते. आणि सासऱ्यांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर हॉट टबआधी डॉक्टरांना विचारून घ्या. मोठ्यांनीही पंधरा मिनिटांवर बसू नये.

मुलीचा आजार पूलमुळेच का? तारखा पाहता कठीण वाटतं. तुम्ही पाण्यातून बाहेर पडलात आणि चार दिवसांनी त्रास सुरू झाला. क्रिप्टोला २ ते १० दिवस लागतात, बहुधा आठवडाभर, म्हणजे तो अगदीच बाद होत नाही. पण त्यात मुख्य त्रास पाण्यासारख्या जुलाबांचा, आणि तो कमी-जास्त होत एक-दोन आठवडे रेंगाळतो. उलट्यांनी अचानक सुरुवात झाली आणि दोन-तीन दिवसांत पोर खेळायला लागलं असेल, तर नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूचा संशय जास्त. त्याला १२ ते ४८ तास पुरतात, म्हणजे तो परतीच्या आदल्या दिवसात कुठेतरी लागला: बुफेचा चमचा, लिफ्टचं बटण, कठडा. जहाजावर जागोजागी ठेवलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर नोरोवर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. जेवायच्या हॉलबाहेर बेसिन असेल तर मुलांना तिथे न्या. बाटलीचा एक फुसकारा मारून आत शिरू नका.

पुढच्या वेळी परत आल्यावर जुलाब तीन दिवसांवर गेले तर डॉक्टरांना क्रूझचं आणि पूलचं आवर्जून सांगा, आणि क्रिप्टोची तपासणी करायची का ते विचारा. शौचाच्या नेहमीच्या तपासणीत तो बऱ्याचदा पाहिलाच जात नाही, नाव घेऊन मागावा लागतो. क्रिप्टो निघाला तर जुलाब थांबल्यानंतरही दोन आठवडे कुठल्याच पूलमध्ये जायचं नाही, एडिसनच्या वायएमसीएतही नाही. बरं वाटायला लागल्यावरही कण बाहेर पडतच असतात.

बोलायचं कोणाशी, हा तुमच्या पत्रातून उठणारा सगळ्यांत अवघड प्रश्न. आमचं मत ठाम आहे: नियम पाळून घेणं हे जहाजाचं काम आहे, दुसऱ्या आईचं नाही. पूलवर टॉवेल देणाऱ्या मुलाला प्रवाशाला बाहेर काढायचा अधिकार बहुधा नसतो. त्याची नोकरी प्रवाशांच्या शेऱ्यांवर अवलंबून असते, एका चिडलेल्या पाहुण्याच्या तक्रारीचा त्याला धाक असतो. तो ‘येस मॅम’ म्हणाला तो त्याचा उर्मटपणा समजू नका. त्याच्यावरच्या माणसाकडे जा. लाइफगार्ड असेल तर आधी त्याच्याकडे. नसेल तर डेक सुपरवायझर. दहा मिनिटांत काही झालं नाही तर गेस्ट सर्व्हिसेस, आणि तिथेही टोलवाटोलवी झाली तर हॉटेल डायरेक्टरचं नाव घ्या. पूल, केबिन, जेवण हे सगळं त्याच्या अखत्यारीत येतं.

सांगताना जागा, वेळ आणि गोष्ट, एवढंच सांगा: ‘डेक अकरा, मागच्या बाजूचा हॉट टब, आत्ता सव्वातीन. स्विम डायपरमधलं बाळ पाण्यात आहे. कृपया बाहेर काढा आणि क्लोरीन तपासा.’ ‘इथे काही लक्षच नसतं’ असं म्हटलंत की संभाषण तुमच्या रागावर जातं आणि बाळ पाण्यातच राहतं. जहाजाच्या ॲपमध्ये चॅट असेल तर तेच वाक्य तिथेही टाका. लेखी आलं की वेळेसकट नोंद होते आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. परक्या बाळाचा फोटो मात्र काढू नका. त्याची गरज नसते, आणि मग भांडण फोटोवरून सुरू होतं.

त्या आईशी बोलावंसंच वाटलं तर नियम ऐकवण्याऐवजी पर्याय सांगा. ‘डायपरवाल्या बाळांसाठी वर बारा नंबरवर वेगळे फवारे आहेत, पाहिलेत का?’ बऱ्याच आयांना खरंच माहीत नसतं. समोरची बाई मराठी किंवा हिंदी बोलणारी निघाली तर ‘अहो, हॉट टबचं पाणी बाळाला फार ऊन होतं’ हे वाक्य डायपरच्या वाक्यापेक्षा लवकर पोचतं, कारण त्यात तिच्या बाळाची काळजी आहे, तिच्यावर आरोप नाही. एकदा सांगून झालं की विषय सोडा, स्वतःच्या मुलांना बाहेर काढा आणि वरच्याला कळवा.

जहाज निवडताना सीडीसीचे तपासणी अहवाल पाहा. ते जहाजाच्या नावानं सगळ्यांना ऑनलाइन पाहता येतात. १०० पैकी गुण असतात, ८५ किंवा त्याखाली म्हणजे नापास. पण नुसत्या गुणांवर जाऊ नका, कारण ९५ मिळवणाऱ्या जहाजाचे गेलेले पाच गुण पूलवरचे असू शकतात. अहवाल उघडून पाण्याच्या सोयींबद्दलच्या नोंदी वाचा: क्लोरीन कमी निघालं का, नोंदवही अपुरी होती का, पाटी नव्हती का. लागोपाठच्या दोन अहवालांत तीच चूक असेल तर ते जहाज सुधारत नाही असं समजा.

तुम्ही स्वतःही पाणी तपासू शकता. क्लोरीन-पीएचच्या पट्ट्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पाण्याचा झोत येतो तिथून दूर, कोपरभर खोल बुडवा आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवा. ओल्या बोटांनी डबीत हात घातला की उरलेल्या सगळ्या पट्ट्या बाद होतात, ही नेहमीची चूक. पीएच ७.० ते ७.८ हवा. तो ८ कडे गेला की क्लोरीनचा आकडा तोच दिसतो पण मारक भाग अर्ध्याहून कमी होतो. आणि पूलपाशी उग्र वास, डोळ्यांत झोंबणं, याचा अर्थ क्लोरीन भरपूर आहे असा लावू नका. शू आणि घाम यांच्याशी क्लोरीन जुळून क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. चांगल्या पूलला फारसा वास नसतो.

आपल्या घरातलं एक सांगतो, ते सासूबाईंनाही प्रेमानं सांगा. आज्जी सकाळी मुलांना खोबरेल तेल चोळून, डोक्याला तेल लावून तयार करतात. ते तेल पाण्यात उतरतं, क्लोरीन खातं, कडेला चिकट काळपट रेघ धरतं आणि फिल्टर तुंबवतं. मालिश रात्री ठेवा, सकाळी शांपू. पाण्यात जाण्याआधी प्रत्येकानं, आजोबांनीसुद्धा, साध्या पाण्यानं मिनिटभर अंग धुवायचं. लहान मुलांचं ढुंगण साबणानं, केबिनच्या बाथरूममध्ये. मोठ्यांच्या अंगावर तिथे सरासरी ०.१४ ग्रॅम शी चिकटलेली असते, लहान मुलांच्या अंगावर १० ग्रॅमपर्यंत असू शकते. सनस्क्रीन लावून पंधरा मिनिटं थांबा, म्हणजे ते पाण्यात न जाता अंगावर राहील. सासूबाईंना पाण्यात उतरायचं असेल तर सुती सलवार-कुर्ता नको, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉन-लायक्राचा पोशाख मिळतो, एडिसनमध्येच घ्या.

मुलाला स्प्लॅश झोनमध्ये नेलंत की दर तासाला बाहेर काढून टॉयलेटला न्या आणि डायपर बघा. बदलायचं ते बाथरूममध्ये, डेकवरच्या खुर्चीवर कधीच नाही. त्या खुर्चीवर नंतर कुणाचा तरी सँडविचचा डबा येतो. बदलल्यावर तुमचे आणि त्याचे, दोघांचेही हात साबणानं धुवा. निघण्याआधी किंवा जहाजावर त्याला जुलाब लागले तर स्प्लॅश झोनही बंद. तेव्हा जहाजाच्या दवाखान्यात सांगा. केबिनमध्ये अडकवतील या भीतीनं आईवडील लपवतात, आणि साथ तिथूनच पसरते. त्रास थांबून २४ तास होईपर्यंत केबिनमध्ये राहायला सांगतात. सहलीचा एखादा दिवस त्यात जातो हे खरं, तो जाऊ द्या. ओआरएसची पाकिटं सासूबाईंना नाशिकहून आणायला सांगा; एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच, अंदाजानं अर्ध्या बाटलीत नाही. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना देऊ नका.

लेकीच्या पाण्यातल्या सुरक्षिततेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण खरी काळजी तिचीही करा. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं आहे, आणि सात वर्षांच्या मुलीलाही गर्दीच्या पूलमध्ये तोच धोका असतो. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर, डोकं मागे, आणि शांत. डिस्नी, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन यांच्यासारख्या कंपन्यांनी पूलवर लाइफगार्ड ठेवायला सुरुवात केली, पण सगळ्याच जहाजांवर ते नसतात. असले तरी चार मोठी माणसं खुर्चीवर आणि ‘कुणीतरी बघतंय’ अशी प्रत्येकाची समजूत, ही स्थिती सर्वांत धोक्याची. पाळी लावा: पंधरा-पंधरा मिनिटं, एकाच माणसाचं लक्ष, हातात फोन नाही, पुस्तक नाही. पाळी संपली की तोंडानं सांगायचं, ‘आता तुझी’. दंडात घालायचे हवेचे फुगे निसटतात, त्यांच्यावर विसंबू नका. कोस्ट गार्डच्या मान्यतेचं जॅकेट घाला. समुद्र खवळला की पूलचं पाणी एका कडेहून दुसऱ्या कडेला आदळतं, तेव्हा पूलवर जाळं टाकतात. जाळं टाकायच्या आधीच पाणी हेलकावताना दिसलं तर सूचनेची वाट न पाहता तिला बाहेर बोलवा.